बाई, तुझं उतरत गेलेलं वजन

बाई, तुझ्या तेराव्याला तीन पंगती उठल्या. माझ्या भावानं, दत्तानं कशाला कमी पडू दिलं नाही. पुऱ्या, वांग्याची भाजी, वरणभात, बुंदी. मी वाढत होते. तिसऱ्या पंगतीत लांबच्या नात्यातल्या एका बाईनं बुंदी दुसऱ्यांदा मागून घेतली आणि माझ्याकडं बघत म्हणाली, "शेवटी शेवटी लईच वाळल्या होत्या गं. काई खात न्हवत्या का?"

मी बुंदीचं पातेलं तिथंच दोन पत्रावळींच्या मध्ये ठेवलं आणि घरात निघून आले. मागच्या खोलीत दार लोटून बसले. दत्ताची बायको मीरा दोनदा बोलवायला आली, तरी उठले नाही. बाहेर सगळ्यांना वाटलं, लेक रडत असेल. मी रडत नव्हते. मला राग आला होता. तो राग जालन्याला परत आल्यावरही माझ्यासोबतच आहे. कंपनीत बियाण्याच्या पाकिटांवरचे शिक्के तपासताना आहे, स्वयंपाक करताना आहे. तुझ्याशी एकदा नीट भांडायचं राहून गेलं, म्हणून हे लिहायला बसले.

तुला मी आई कधी म्हटलंच नाही. आष्टीच्या अंगणवाडीत सगळी लेकरं तुला बाई म्हणायची, त्यांच्यात बसून मीही तेच शिकले. घरी आल्यावर हाक बदलायची असते हे मला कोणी सांगितलं नाही, आणि तूही कधी सुधारलं नाहीस. तिथं खिचडी वाढताना माझी वाटी तू सगळ्यात शेवटी भरायचीस. "आधी बाकीची, मंग बाईची पोरगी." याचा राग मला लहानपणी फार यायचा. आता वाटतं, तुझ्यावर रागवायची सवय मला तेव्हापासूनच असावी.

पण आधी माझी चूक सांगते.

संक्रांतीला तू जालन्यात मस्तगडच्या आमच्या घरी आलीस. मी दार उघडलं आणि पहिलं वाक्य काय म्हणाले? "बाई, काय मस्त बारीक झालीस!" किती वर्षं मी तुझ्या मागं लागले होते. गुडघे दुखतात, वजन कमी कर. रात्रीची भाकरी सोड. फिरायला जा. तुला बूट आणून दिले होते, ते तू फळीवर ठेवून दिलेस. आणि त्या दिवशी तू समोर उभी, ब्लाउजच्या बाह्या दंडावर लोंबताहेत. मी खुश. जेवताना तू म्हणालीस, "एकच भाकर जाती आता. जास्त जातच न्हाई." मी म्हणाले, "तेच चांगलंय." तू खोकलीस. मी म्हणाले, तिळाच्या कुटाचा ठसका लागला. दुपारी मशीनवर बसून तुझे दोन ब्लाउज मी दोन्ही बाजूंनी आत घेतले. तू बाजूला बसून दोरा ओवून दिलास.

मला कळलं नाही हे मी समजू शकते. तुला कसं कळलं नाही? तीस वर्षं तू लेकरांची वजनं केलीस. दाराच्या चौकटीला काटा टांगायचा, झोळीत लेकरू बसवायचं, ते पाय झाडत रडायचं आणि तू काट्यावरून नजर हलू द्यायची नाहीस. दोन महिने एखाद्या लेकराचं वजन वाढलं नाही, तर तू चपला घालून त्याच्या घरी जायचीस, मग ते घर शेतात असो नाहीतर पार ओढ्याच्या पलीकडं. "वजन उगाच उतरत नसतं" हे वाक्य तुझ्या तोंडून मी किती वेळा ऐकलं असेल. नंतर, सगळं कळल्यावर, मी तुला हे विचारलं होतं. तू खिडकीकडं बघत म्हणालीस, "मोठ्या माणसाचं कोण वजन करतंय, रेखे?"

उन्हाळा लागता लागता खोकल्यातून रक्त पडलं. जालन्यात छातीचा फोटो काढला, मग संभाजीनगरला नेलं, सुई घालून तुकडा काढला, आणि फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला. तुला मी माझ्याकडंच ठेवून घेतलं, आणि लोक भेटायला यायला लागले. प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच. "तंबाखू खायच्या का?" "मिस्री लावायच्या का?" नाही म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा. काहीतरी कारण हातात द्यायला हवं होतं त्यांना. एकाला तर तू स्वतःच सांगितलंस, "हाव, चोरून बिड्या वढायचे," आणि तो माणूस गेल्यावर धाप लागेपर्यंत हसलीस. मला हसू आलं नाही. तेव्हापासूनच मी हसणं सोडून दिलं होतं, असं आता लक्षात येतं.

येणारा प्रत्येक जण मोसंबी आणायचा. आपल्या मोसंबीच्या मुलखात दुसरं कोण काय आणणार? जिन्याखाली पिशव्यांवर पिशव्या. आणि केमोच्या पहिल्या औषधानंतर तुझ्या तोंडात असे फोड आले की मोसंबीच्या रसाचा थेंब जिभेला लागला तरी तू डोळे मिटून घ्यायचीस. शेवटी ती मोसंबी मी गल्लीत वाटली. लोक म्हणाले, चांगली गोड आहेत.

दवाखान्यातला पहिला दिवस मात्र चांगला होता. तो मी जपून ठेवला आहे. डॉक्टर म्हणाले, "औषध झेपायला अंगात ताकद लागते. आजींचं वजन टिकवा." मग आपल्याला आहाराच्या मॅडमकडं पाठवलं. जेमतेम पंचविशीची मुलगी. ती सांगत होती, एकदम पोटभर नको, दर दोन तासांनी थोडं थोडं, अंडी, दही, शेंगदाणे, डाळीचं पाणी नको, डाळच द्या. तू मान डोलवत ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "मॅडम, शेंगदाण्याच्या लाडवात फुटाण्याचं पीठ घालायला सांगत जा. घशाला चिकटत न्हाई." तिनं पेन काढून ते लिहून घेतलं. मग तुम्ही दोघी अर्धा तास बोलत बसलात, आणि बाहेर रांगेतली माणसं दारातून डोकावत होती. परतीच्या बसमध्ये मला वाटलं, आपण जिंकणार. ज्या बाईनं गावातली लेकरं वजनाच्या तक्त्यावरल्या लाल रेघेतून ओढून वर आणली, तिला खायला कोण शिकवणार?

औषध चढवल्यावर तिसऱ्या दिवशी तुला फोडणीचा वास सहन होईना. पलंगावरून तुझा आवाज यायचा, "फोडणी देऊ नको गं, पाया पडते." मी शेगडी गच्चीवर नेली. गच्चीवरून वास खाली यायचा. मग बिनफोडणीचं, मग नुसतं उकडलेलं. तू म्हणायचीस, सगळं लोखंड चाटल्यासारखं लागतंय. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, स्टीलचा चमचा बंद करा, लाकडी घ्या, गार करून द्या, गारव्यात वास कमी येतो, लिंबू चालत असेल तर पिळा. मी लाकडी चमचे आणले. चार दिवस बरं गेलं. पाचव्या दिवशी लाकडाचीही चव यायला लागली.

मी फ्रीजवर कागद चिकटवला होता. सात वाजता अंडं, नऊला लाडू, अकराला दही. पुढं चौकट, खाल्लं की खूण. मी कंपनीत असले की दुपारी फोन करून विचारायचे, "किती घास?" तू म्हणायचीस, "खाऊन राह्यले ना." संध्याकाळी येऊन मी पातेली उघडून बघायचे. एकदा लाडू सापडले, तुझ्या उशीच्या अभ्र्यात, पाच. एकदा दही मोरीत ओतलेलं दिसलं. बाई, तू मला असं फसवायचीस आणि मी पोलिसासारखी झडती घ्यायचे. आयुष्यभर एकमेकींशी कधी खोटं न बोललेल्या आपण दोघी.

तो सकाळचा प्रसंग तू विसरली असशील तर बरं. कामावर जायची घाई, तू अंड्याकडं बघत बसलेली, आणि मी ओरडले, "तुला जगायचंच न्हाई का?" तू अर्धं अंडं उचललंस, एकाच वेळी तोंडात घातलंस, चावत राहिलीस. डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी चावत राहिलीस. गिळलंस. आणि दोन मिनिटांनी सगळं बाहेर आलं. मी फरशी पुसली. आणि बाई, मी काय केलं? मी दुसरं अंडं उकडायला ठेवलं.

मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. "ताई, भूक न लागणं हा आजींचा हट्ट नाही. हा आजारच भूक मारतो. खाल्लेलंही अंगी लागू देत नाही. तुम्ही ताट समोर ठेवा, आवडीचं ठेवा, पण त्यावरून भांडू नका." मी मान हलवली. पण मनातून मानलं नाही. तुझा हट्ट असेल तर मी तो मोडू शकत होते. आजारच असेल तर माझ्या हातात काय उरलं? म्हणून मी तुझ्या हट्टाला धरून बसले.

मग मामा आला. घनसावंगीहून, जीपनं, मांडीवर बाटली धरून. हिरवा काढा, झाकण उघडलं की शेजारच्या खोलीत कडू वास. त्याच्या गावात कोणाचा तरी कॅन्सर म्हणे त्या काढ्यानं बरा झाला होता. तुझ्या उशाशी बसून तो म्हणाला, "साखर बंद, दूध बंद, अंडं तर बिलकुल बंद. हे खाऊनच तो रोग वाढतो. त्याला उपाशी ठेवायचं, आपोआप मरतो." मी म्हणाले, "मामा, रोगाच्या आधी बाई मरल." तो दुखावला. म्हणाला, "मी काय तिचा दुश्मन हाये का?" आणि तू, बाई, तू त्या बाटलीचं झाकण उघडून माझ्यासमोर एक घोट घेतलास.

मी वेडी व्हायची बाकी होते. आष्टीतल्या पारूची सासू तुझ्या लक्षात होती ना? बाळंतीण पारूला तिनं डाळ बंद, दूध बंद करून नुसत्या भातावर ठेवलं होतं, आणि तू तिच्या अंगणात उभी राहून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं भांडली होतीस. "तिच्या पोटात गेलं तर लेकराच्या तोंडात येईल ना!" मी दहा वर्षांची होते, तुझा पदर धरून उभी होते, आणि मला तुझा एवढा अभिमान वाटला होता. ते मी तुला आठवण करून दिलं. तू म्हणालीस, "हाव, आठवतंय." आणि अंड्याची वाटी माझ्याकडं सरकवलीस.

वीस-बावीस दिवस ते पथ्य चाललं. दोन किलो त्यात गेले. एकदा कपडे वाळत घालताना मी पुन्हा तोच विषय काढला, तेव्हा तू खरं बोललीस. "रेखे, मला तुला न्हाई म्हणता येत न्हाई. तू रडकुंडीला येतीस. दादाच्या नावावर म्हणता येतं. त्येनं सांगितलंय म्हणलं की तुझा राग त्येच्यावर जातो." म्हणजे त्या काढ्यावर तुझा काडीचा विश्वास नव्हता. तुला फक्त न खायला एक कारण हवं होतं, ते मामानं लांबून आणून दिलं.

तेराव्याला मामा मागच्या खोलीत माझ्याजवळ येऊन बसला. टोपी काढून हातात धरली. म्हणाला, "माझ्यानं तर न्हाई ना झालं, पोरी?" मी उत्तर दिलं नाही. मला ते माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी त्या दिवशी मी त्याला मोकळं केलं नसतं. तो टोपी घालून गेला. त्याला फोन करायला हवा. अजून केलेला नाही.

या सगळ्यात एकच माणूस होतं ज्याच्यासमोर तू खाल्लंस, आणि त्याचाही मला रागच आला. शमीमआपा. तुझ्या अंगणवाडीतल्या मदतनीस, पंचवीस वर्षं तुझ्याबरोबर चूल पेटवलेली बाई. आष्टीहून बस बदलत आल्या, डब्यात पातळ खिचडी घेऊन, अंगणवाडीत करायच्या तशीच, हळदीची, शेंगदाणे घातलेली. आल्या आणि तुझ्या पायाशी पलंगावर मांडी घालून बसल्या. मंग काय, सुरू. कोणाच्या पोरीचं लग्न ठरलं, नव्या सेविकेला रजिस्टर भरता येत नाही, तिचा मोबाईल सारखा बंद पडतो, कोणाचं लेकरू आता शाळेत पहिलं आलं. बोलता बोलता त्यांनी वाटी तुझ्या हातात दिली. तू हसत होतीस, मधूनच चमचा तोंडात जात होता. वाटी रिकामी झाली. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. न राहवून म्हणाले, "बाई, अजून अर्धी घे ना!" तुझा हात थांबला. वाटी खाली गेली.

आपा पाणी प्यायला आत आल्या तेव्हा हळूच म्हणाल्या, "बेटा, घास मोजू नको. तू बघती ना, तिचा गळा बंद होतो." मी म्हणाले, "तुम्ही एक दिवस आलात आपा. मी रोज बघतेय." फार कडवट बोलले. त्यांनी माझ्या गालाला हात लावला आणि पुन्हा तुझ्याकडं जाऊन बसल्या. त्यांचा डबा मी दोन दिवस घासला नाही.

बत्त्याची गोष्ट दवाखाना सोडून मी अजून कोणालाच सांगितलेली नाही. दत्तालाही नाही.

आधीच्या वेळी वजन तीन किलोनं उतरलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, आणखी उतरलं तर औषध पुढं ढकलावं लागेल. पुढच्या खेपेला काट्यावर किलोभर वाढ. डॉक्टर म्हणाले, "वा, आजी!" मला तर आनंदानं काही सुचेना. बसस्टँडवर मी तुझ्यासाठी दुधीहलवा घेतला, तू बोटाला लावून चाटलास. घरी आल्याबरोबर मी लाडवासाठी शेंगदाणे भाजले आणि कुटायला गेले, तर खलातला बत्ता गायब. ओट्याखाली शोधला, माळ्यावर शोधला. तू पलंगावरून उठलीस, परकराच्या आत कमरेला बांधलेला कापडी बटवा सोडलास, आणि दीड किलोचा लोखंडी बत्ता माझ्या ओट्यावर ठेवलास.

"हे घे. उगं शोधू नको."

मला काही कळेना. तूच म्हणालीस, "पारूच्या सासूनं लेकराच्या झोळीत दगड लपवला होता, लाल रेघेत नाव जाऊ नये म्हणून. तिला मी धरलं. मला कोणी धरलं न्हाई."

तू हसलीस, आणि बाई, मलाही हसू फुटलं. किती दिवसांनी आपण दोघी ओट्याला टेकून अशा हसलो. तू त्या कमरेला बत्ता बांधून बसच्या पायऱ्या चढलीस, दवाखान्याच्या रांगेत दोन तास बसलीस. वरून बाटलीभर पाणीही पिऊन घेतलं होतंस. मग हसता हसता मी हिशेब केला की वजन वाढलेलं नाही, उतरलंच आहे, आणि मी ओरडायला लागले. काय काय बोलले ते मला आठवत नाही. तू एवढंच म्हणालीस, "पुढं ढकललं असतं त्यांनी. तू पुन्हा रडली असतीस."

दुसऱ्या दिवशी मी फोन करून दवाखान्यात खरं सांगितलं. तू मला चुगलखोर म्हणालीस, चार दिवस बोलली नाहीस. पुन्हा दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टर रागावले नाहीत. ते म्हणाले, "आजी, दीड किलोनं औषधात फार फरक पडत नाही. पण तुम्ही घसरताय हे मला कळलंच नसतं ना." औषध थांबवलं. आणि नळीचा विषय निघाला. नाकातून पोटात बारीक नळी, काही आठवडे तिच्यातून पातळ आहार, वजन सावरलं तर पुढचं औषध.

मला तर देव भेटल्यासारखं झालं. घास मोजायला नकोत, झडती नको, भांडण नको. तू म्हणालीस, "न्हाई." दत्ता आष्टीहून आला होता. तो म्हणाला, "बाई न्हाई म्हणती ना, मंग कामून जबरदस्ती?" मी त्याला म्हणाले, "तू महिन्यातून एकदा येतोस. तुला काय जातंय?" बिचारा खाली बघत बसला. त्याच्या पायाला शेतातली माती तशीच होती, कामावरून उठून आला होता. दत्ता, तू हे वाचशील तर ते वाक्य मी परत घेते.

रात्री मी तुझ्यासमोर पुन्हा विषय काढला. तू म्हणालीस, "नळीनं भरशील आणि मंग माझ्यापाशी येणंच बंद करशील. आता निदान भांडायला तरी ताट घेऊन बसतीस."

मी ताट उचललं आणि आत गेले. हे भांडण तिथंच अडकलं आहे. मी अजून रोज त्याला पुढं नेते. म्हणते, बाई, मी आले असते गं. नळी लावली असती तरी आले असते. नुसती बसले असते, शमीमआपांसारखी, गावच्या गप्पा सांगत. पण मी खरंच आले असते का? तेव्हाच्या त्या रेखाला मी ओळखते. ती नळीत पिशवी अडकवून कामावर गेली असती. नळी लावली असती तर तुझी आणखी दोन औषधं झाली असती का, चार महिने मिळाले असते का, की तेही तुझ्या मनाविरुद्ध नाकात नळी घेऊन गेले असते? डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, हे कोणीच सांगू शकत नाही. सगळ्यात जास्त राग मला या वाक्याचा येतो. ते खरं आहे, म्हणून.

एकोणचाळीस किलोवर तू म्हणालीस, "मला आष्टीला ने." आम्ही नेलं. तिथं मीरानं तुझं सगळं मनापासून केलं, हे मी तुला सांगायला नको. तिथं काटा नव्हता, कागद नव्हता. मी शनिवारी रात्री पोचायचे, रविवारी परत निघायचे. दर खेपेला तुझी मांडी हाताला आणखी बारीक लागायची. तुला उचलून बसवताना मला ताकद लावावी लागत नव्हती, आणि ती लावावी लागू नये याचीच मला चीड यायची.

शेवटच्या खेपेला मी दोन दिवसांची रजा जास्तीची टाकली होती. दुपारची वेळ. दत्ता आणि मीरा कापसात गेले होते. मी मऊ भात केला, दही घालून कालवला, गार केला. वाटी घेऊन तुझ्याजवळ बसले. तुझे डोळे मिटलेले होते. तू ते उघडलेस आणि वाटीकडं न बघता माझ्या हाताकडं बघितलंस.

"बांगड्या पार कोपराला चालल्यात गं तुझ्या. तू जेवलीस का?"

"न्हाई. तुझं झालं की जेवते."

"आधी तू जेव. मी बघते."

मी उठले, भाकरी घेतली, तुझ्यासमोर बसून पटापट खाल्ली. जवसाची चटणी होती. तू खरंच बघत होतीस, एकेक घास, काट्यावर बघायचीस तसं. मी पाणी प्याले आणि पुन्हा वाटी उचलली. तेव्हा तू विचारलंस. आवाज अगदी बारीक, घसा साफ करून, लाजल्यासारखी.

"रेखे, आज न्हाई खाल्लं तर चालल का?"

तू मला परवानगी मागत होतीस. तू, मला. इतक्या महिन्यांत तू लपवलंस, ओतून दिलंस, मामाच्या नावावर खपवलंस, कमरेला लोखंड बांधलंस, पण असं सरळ कधी विचारलं नव्हतंस. आणि माझ्या हातात चमचा होता. मी म्हणाले, "दोन घास तरी घे, बाई. माझ्यासाठी."

तू तोंड उघडलंस. पहिला घास गेला. दुसरा बराच वेळ गालात राहिला. मी पाणी दिलं, तुझी मान धरली, तू तो गिळलास. मी तुझे ओठ पुसले आणि वर म्हणाले, "बघ, जमलं का न्हाई!" तू माझ्याकडं बघून हसलीस. मला बरं वाटावं म्हणून हसलीस. मग भिंतीकडं कूस वळवून झोपलीस. त्यानंतर खाण्यापुरती जागी तू झालीच नाहीस. तिसऱ्या दिवशी सकाळी गेलीस.

बाई, मला तुझ्यावर रागवायचं होतं आणि मी पानंच्या पानं भरली, पण सगळी वाट त्या दुपारी येऊन थांबते. तू फार साधं विचारलं होतंस. त्याचं उत्तर मला आता येतं. भाजी चिरताना, कंपनीच्या बसमध्ये, आंघोळीला पाणी काढताना मी ते म्हणत असते, पुन्हा पुन्हा, तू आत्ताच विचारल्यासारखं.

चालल, बाई. बिलकुल चालल. ही बघ वाटी ठेवली बाजूला. तू पड निवांत. मी हितंच बसते.